मॅक्सवेलचा नकार आणि केंब्रिजमधील सहा दिवस

पहिला दिवस

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून सुटणारी गाडी तासाभरातच केंब्रिजला पोहोचते. वाटेत डोंगर लागत नाहीत. सपाट शेते, मधूनच एखाद्या चर्चचा मनोरा आणि वर पसरलेले विस्तीर्ण आकाश एवढेच दिसते. विमानतळावर पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याने येण्याचे कारण विचारले, तेव्हा मी ‘ख्रिस्ती वैज्ञानिकांच्या मेळाव्यासाठी’ असे उत्तर दिले आणि त्याने सहज विचारले, ‘म्हणजे औषधे न घेणारे लोक ना?’ मेरी बेकर एडी या बाईंनी १८७९ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेला ‘ख्रिश्चन सायन्स’ हा पंथ त्याच्या मनात होता. प्रार्थनेने आजार बरे करण्यावर भर देणाऱ्या त्या पंथाशी आमचा काही संबंध नाही, आमच्यात उलट बरेचसे डॉक्टरच आहेत, हे सांगितल्यावर तो हसला आणि त्याने शिक्का मारला. मला मात्र त्या प्रश्नाची पुढे सहा दिवस वारंवार आठवण झाली, कारण ‘ख्रिस्ती’ आणि ‘वैज्ञानिक’ हे दोन शब्द शेजारी ठेवले की ऐकणाऱ्याच्या मनात तिसरेच काहीतरी उभे राहते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि महाविद्यालयांच्या खोल्या अशा मेळाव्यांना मिळतात. आम्ही चाळीसच्या आसपास होतो. त्यांत भौतिकशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, आनुवंशिकीचे अभ्यासक आणि डॉक्टर होते. आधी प्रयोगशाळेत आयुष्य घालवून नंतर धर्मगुरू झालेले दोघे होते. पंथ म्हणावे तर कॅथलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट, क्वेकर आणि केरळमधून आलेल्या एक मार्थोमा वनस्पतिशास्त्रज्ञ. मी स्वतः वर्णपटमापनाचा अभ्यासक. पदार्थातून येणाऱ्या प्रकाशाच्या रेषा मोजणे हे माझे काम, आणि त्या रेषांबद्दल रविवारच्या उपासनेत कोणी कधी विचारले नाही, तसेच प्रयोगशाळेत रविवारबद्दलही कोणी विचारले नाही.

संध्याकाळी स्वागताचे भाषण होईल अशी अपेक्षा होती. आयोजकांपैकी एक वयोवृद्ध भौतिकशास्त्रज्ञ उठले आणि त्यांनी स्वागताऐवजी एका नकाराची गोष्ट सांगितली. डार्विनच्या ग्रंथानंतर उठलेल्या वादळात, १८६५ मध्ये, लंडनमध्ये व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूट नावाची संस्था स्थापन झाली. विज्ञानाच्या नावाने होणाऱ्या हल्ल्यांपासून बायबलचे रक्षण करावे, हा तिचा हेतू होता. दहा वर्षांनी तिने भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांना सदस्यत्वाचे निमंत्रण दिले. मॅक्सवेल नुसते नावाचे ख्रिस्ती नव्हते. स्कॉटलंडमधील आपल्या गावच्या चर्चचे ते ‘वडील’, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, होते आणि घरी नियमाने प्रार्थना चालवीत. तरीही त्यांनी निमंत्रण स्वीकारले नाही. उत्तराचा जो मसुदा त्यांच्या कागदपत्रांत सापडला, त्याचा आशय असा होता की आपले विज्ञान आणि आपला ख्रिस्ती विश्वास यांचा मेळ घालताना प्रत्येक जण ज्या निष्कर्षाला पोहोचतो, त्याला त्या माणसापलीकडे काही महत्त्व देऊ नये, त्या माणसासाठीही ते काही काळापुरतेच मानावे, आणि त्यावर कोणत्याही संस्थेचा शिक्का तर बसूच नये.

‘तेव्हा,’ ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘आपण इथे का जमलो आहोत, हे आपल्याला सहा दिवसांत मॅक्सवेलना सांगता आले पाहिजे.’ एवढे बोलून ते खाली बसले.

दुसरा दिवस

सकाळच्या पहिल्या सत्रातच एक ठराव पुढे आला. घानाहून आलेल्या, लहान मुलांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी सुचवले की मेळाव्याने शेवटच्या दिवशी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध करावे. त्यांचे कारण स्पष्ट होते. त्यांच्या मंडळीतील हुशार मुले वैद्यकीय शिक्षणाला जातात, तिथे उत्क्रांती शिकतात आणि सुट्टीत घरी आली की त्यांना कोणीतरी सांगते की ख्रिस्त किंवा उत्क्रांती यांतले एकच निवडा. चाळीस ख्रिस्ती वैज्ञानिकांच्या सह्यांचा एक कागद त्या मुलांच्या हाती असता तर त्यांची कुतरओढ कमी झाली असती. मसुदा करण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली आणि माझे इंग्रजी फारसे अलंकारिक नाही या एका गुणामुळे असेल, तिच्यात माझेही नाव आले. मी ते आनंदाने मान्य केले, हे आज कबूल करायला हवे. आदल्या रात्रीची गोष्ट तेव्हा मला केवळ एक चतुर प्रस्तावना वाटली होती.

दुपारी आम्ही फ्री स्कूल लेन या अरुंद गल्लीत गेलो. जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा इथे आहे. १८७१ मध्ये मॅक्सवेल तिचे पहिले प्राध्यापक झाले आणि १८७४ मध्ये ती सुरू झाली. इथेच जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन. वॉटसन आणि क्रिक यांचे डीएनएचे काम याच प्रयोगशाळेतले. एवढा इतिहास पोटात घेऊन ती इमारत इतकी साधी आहे की शोधक डोळा नसेल तर माणूस पुढे निघून जाईल. प्रवेशद्वाराच्या लाकडी दारांवर स्तोत्र १११ मधील दुसरे वचन लॅटिनमध्ये कोरलेले आहे: परमेश्वराची कृत्ये थोर आहेत आणि ज्यांना त्यांत आनंद वाटतो ते सर्व त्यांचा शोध घेतात. मी लहानपणापासून हे वचन मराठीत म्हणत आलो होतो. पण त्यातील ‘शोध’ हा शब्द प्रयोगशाळेच्या दारावर वाचताना त्याचे वजन एकदम बदलले.

या वचनाची पुढची हकिगतही त्या वृद्ध भौतिकशास्त्रज्ञांनी तिथेच उभे राहून सांगितली. १९७४ मध्ये प्रयोगशाळा शहराच्या पश्चिमेकडील नव्या इमारतींत गेली, तेव्हा तिथल्या दारावर काहीच नव्हते. एका संशोधक विद्यार्थ्याने तेच वचन इंग्रजीत लावावे असे तेव्हाचे कॅव्हेंडिश प्राध्यापक ब्रायन पिपर्ड यांना सुचवले. पिपर्ड यांनी प्रस्ताव समितीपुढे ठेवला. समिती तो फेटाळून लावील अशी त्यांची अटकळ होती. समितीने तो मंजूर केला, आणि सोळाव्या शतकातील कव्हरडेल यांच्या भाषांतरातील शब्द दारावर आले.

परतताना चर्चा निघाली ती १८७३ मधील मॅक्सवेल यांच्या ब्रॅडफर्ड येथील रेणूंवरच्या व्याख्यानाची, आणि इथे माझ्या विषयाचा संबंध आल्यामुळे मी कान टवकारले. लुब्धक किंवा स्वाती या ताऱ्यांवरचा हायड्रोजन आणि पृथ्वीवरचा हायड्रोजन अगदी एकाच लयीत कंप पावतात, हे वर्णपटाच्या रेषांवरून दिसते. निसर्गातील कोणतीही प्रक्रिया या रेणूंमध्ये तसूभरही फरक घडवीत नाही, तेव्हा ते उत्क्रांत झालेले नसून, खगोलशास्त्रज्ञ हर्शेल यांच्या शब्दांत सांगायचे तर, कारखान्यात घडवलेल्या वस्तूंसारखे आहेत, असे मॅक्सवेल यांनी त्या व्याख्यानात मांडले होते. त्या काळी ही मांडणी बिनतोड वाटली असणार. पुढे पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आली, अणूंच्या ऊर्जापातळ्या ठरावीकच का असतात आणि दोन इलेक्ट्रॉनांत फरक का करता येत नाही हे कळले. मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजतात हेही कळले. एकसारखेपणाचे स्पष्टीकरण भौतिकशास्त्राच्या आतच सापडले. म्हणजे ज्या माणसाने संस्थेचा शिक्का नको म्हटले, त्याचा स्वतःचा मेळही काही काळापुरताच टिकला. मसुदा लिहिण्यापूर्वी दीडच वर्ष आधी त्यांनी हे व्याख्यान दिले होते. ते देताना त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती का, हे कोण सांगणार. पण व्याख्यानाच्या शेवटी, शून्यातून द्रव्य कसे निर्माण झाले यावर विज्ञानाला काही बोलता येत नाही, अशी मर्यादाही त्यांनीच घातली होती.

त्या रात्री आमच्या समितीने दोन पानांचा मसुदा लिहिला. त्यात ‘सृष्टीची सुव्यवस्था निर्मात्याकडे निर्देश करते’ असे एक वाक्य होते, आणि ते माझे होते.

तिसरा दिवस

सकाळी ट्रिनिटी महाविद्यालयाच्या चॅपलमध्ये गेलो. दर्शनी दालनात रुबिलियाक या शिल्पकाराने १७५५ मध्ये घडवलेला न्यूटनचा संगमरवरी पुतळा आहे. हातात लोलक, नजर वर आणि दूर. भोवती बेकन, बॅरो, ह्यूएल, मॅकॉले आणि टेनिसन आहेत, पण पाय आपोआप न्यूटनपाशीच थांबतात. या पुतळ्याच्या उभे राहण्यातच एक विसंगती आहे. महाविद्यालयाचे नाव पवित्र त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या श्रद्धेवरून पडलेले, आणि न्यूटन खासगीत त्रैक्य मानत नसत. महाविद्यालयातील फेलोपद टिकवण्यासाठी धर्मगुरूची दीक्षा घेण्याची अट त्यांच्यापुढे होती. १६७५ मध्ये राजाकडून खास सूट मिळाली म्हणून ते सुटले. बायबलची कालगणना, भाकिते आणि सुरुवातीच्या चर्चचा इतिहास यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले आणि जवळजवळ सगळे दडवून ठेवले. १९३६ मध्ये लंडनच्या लिलावात ते कागद फुटले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यांतले बरेच विकत घेऊन किंग्ज महाविद्यालयाला दिले. एका कॅथलिक मित्राने पुतळ्याकडे पाहत म्हटले की श्रद्धावान वैज्ञानिकांच्या आमच्या यादीत न्यूटन नेहमी पहिल्या क्रमांकावर असतो, पण आमच्यापैकी बहुतेक चर्चनी त्याला सभासद करून घेतले नसते. हे खरे होते. आम्ही मोठी नावे गोळा करतो आणि त्या नावांच्या माणसांना विचारत नाही.

दुपारच्या सत्राचा विषय न्यूटनचाच एक तर्क होता. ग्रहांच्या परस्पर ओढीमुळे कक्षांत लहान लहान विस्कळीतपणा साठत जाईल आणि केव्हातरी ही व्यवस्था नीट लावून द्यावी लागेल, असे न्यूटन यांनी लिहिले होते. लावून देणारा अर्थात ईश्वर. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी यावर टोमणा मारला की हा देव तर अधूनमधून चावी द्यावी लागणारे घड्याळ बनवणारा कारागीर झाला. पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी गुरू आणि शनी यांच्या गतीतील फरक गुरुत्वाकर्षणानेच सोडवून दाखवला आणि तिथली जागा भरली. ऑक्सफर्डचे सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स कूल्सन हे मेथॉडिस्ट प्रवचनकारही होते आणि शिकले ते याच ट्रिनिटीत. त्यांनी १९५५ मध्ये या सवयीवर नेमके बोट ठेवले. ज्ञानातील रिकाम्या जागांत देवाला बसवले की ज्ञान वाढेल तसा देव आकसत जातो. देव असेल तर तो सगळ्या निसर्गात असला पाहिजे.

इथे जॉन पॉल्किंगहॉर्न यांची आठवण निघणे अटळ होते. केंब्रिजमध्ये गणिती भौतिकीचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने १९७९ मध्ये पद सोडले, धर्मशिक्षण घेतले, १९८२ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू झाला आणि नंतर क्वीन्स महाविद्यालयाचा प्रमुख म्हणून परत आला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. किटलीतले पाणी का उकळते आहे, या प्रश्नाला ‘खाली गॅस पेटलेला आहे म्हणून’ आणि ‘मला चहा करायचा आहे म्हणून’ अशी दोन खरी उत्तरे असू शकतात आणि एकाने दुसरे खोटे पडत नाही, हा त्यांचा दाखला सगळ्यांनाच पाठ होता. मला तो दाखला आवडतो, पण पुरेसा वाटत नाही. चहा करणारा माणूस समोर दिसतो, त्याला विचारता येते. माझी ही शंका मी बोलून दाखवली, तेव्हा शेजारच्या क्वेकर बाई म्हणाल्या, ‘विचारण्यालाच आम्ही प्रार्थना म्हणतो, उत्तर ऐकू येईलच अशी खात्री मात्र देत नाही.’

रात्री मी माझे वाक्य मसुद्यातून काढून टाकले. दोन पानांचे सव्वा पान झाले.

चौथा दिवस

हा दिवस सगळ्यांत कठीण गेला.

सुरुवात सेजविक संग्रहालयात झाली. दाराशी इग्वानोडॉनचा सांगाडा, आत काचेच्या कपाटांत कोट्यवधी वर्षांचे अवशेष ओळीने मांडलेले, आणि हातात हातोडा घेतलेला अ‍ॅडम सेजविक यांचा पुतळा. सेजविक धर्मगुरू होते आणि १८१८ पासून केंब्रिजमध्ये भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘केंब्रियन’ कालखंडाला नाव त्यांनी दिले. सुरुवातीला ते मानत की पृथ्वीवर सर्वत्र दिसणारे वाळू-गोट्यांचे विशिष्ट थर नोहाच्या जलप्रलयाने आणून टाकले आहेत. पुरावा तसा नाही हे पटल्यावर १८३१ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदावरून निवृत्त होताना त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतले. डार्विनच्या ग्रंथाच्या २८ वर्षे आधी एका धर्मगुरूने केलेली ही गोष्ट आमच्या चर्चेत फारशी कोणाला माहीत नव्हती, याचे मला आश्चर्य वाटले. पुढे याच सेजविकनी डार्विनचे पुस्तक वाचून त्यांना लिहिले की आनंदापेक्षा वेदनाच अधिक झाली. एक मत सोडण्याचे धैर्य दाखवलेला माणूस प्रत्येक वेळी ते दाखवील, असे नाही.

तिथून क्राइस्ट्स महाविद्यालय चालत काही मिनिटांवर आहे. १८२८ ते १८३१ या काळात डार्विन इथे शिकले, ते पाळक होण्याच्या उद्देशाने. बागेत बाकाच्या हातावर टेकून बसलेल्या तरुण डार्विनचा कांस्य पुतळा आहे. दाढी नसलेला, विशीतला डार्विन बघायची आपल्या डोळ्यांना सवय नसते. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो हेही धर्मगुरूच. त्यांच्याबरोबर इतके फिरणे होई की ‘हेन्स्लोबरोबर हिंडणारा तो’ अशी डार्विनची ओळख झाली होती, आणि बीगल जहाजावर जाण्यासाठी त्यांचे नाव सुचवले तेही हेन्स्लो यांनीच. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा चार्ल्स किंग्स्ली या धर्मगुरूने कळवले की आपोआप विकसित होऊ शकणारी मूळ रूपे देवाने निर्माण केली, ही कल्पनाही तितकीच उदात्त आहे, आणि डार्विन यांनी दुसऱ्या आवृत्तीत ते मत, नाव न घेता, घातले. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू मांडणाऱ्यांत सर्वांत पुढे. याच ग्रे यांना डार्विन यांनी मे १८६० मध्ये ते प्रसिद्ध पत्र लिहिले: जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालणारी आणि आपल्या अळ्यांकडून त्याला आतून खाववणारी गांधीलमाशी एखाद्या दयाळू देवाने मुद्दाम घडवली असेल, हे माझ्या मनाला पटत नाही.

दुपारचे सत्र त्या पत्रावर होते. सुरुवात नेहमीसारखी झाली. एकाने सांगितले की सृष्टीला स्वतः घडत जाण्याचे स्वातंत्र्य दिले की चुकण्याचे स्वातंत्र्यही येते. ज्या जनुकीय बदलांतून नवे जीव येतात, त्याच प्रकारच्या बदलांतून कर्करोगही येतो, आणि एक ठेवून दुसरे वगळता येईल असे जीवशास्त्र कल्पिता येत नाही. मांडणी सफाईदार होती, आणि मला वाटते बरीचशी खरीही होती. ती संपल्यावर घानाच्या डॉक्टर बाई बोलल्या. त्यांनी तिचे खंडन केले नाही. त्या म्हणाल्या की हे सगळे मला मान्य आहे, मी ते विद्यार्थ्यांना शिकवतेही; पण वॉर्डात चार वर्षांच्या मुलीच्या आईला मी हे आजवर सांगू शकलेले नाही, आणि जी गोष्ट त्या आईला सांगता येत नाही ती देवाच्या नावाने छापावी का, याचा विचार निवेदन लिहिणाऱ्यांनी करावा. निवेदनाची मागणी मुळात त्यांचीच होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे हे बोलणे किती जड असेल ते कळेल.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मार्थोमा वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी बायबलमधील ईयोबाच्या, म्हणजे निर्दोष असूनही हाल सोसणाऱ्या माणसाच्या, पुस्तकाकडे लक्ष वेधले. ईयोबाला त्याचे मित्र स्पष्टीकरणे देतात, ती ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. देव स्वतः उत्तर देतो, पण ते दुःखाचे कारण नसते. ते रानगाढव, शहामृग, गरुड आणि त्याची रक्त पिणारी पिल्ले यांचे वर्णन असते. पस्तीस वर्षे परोपजीवी बुरशीचा अभ्यास केल्यावर, त्या म्हणाल्या, मला हा बायबलमधला सर्वांत प्रामाणिक जीवशास्त्राचा धडा वाटतो, जरी त्याने माझे समाधान होत नाही.

त्या रात्री समिती बसली, पण कोणी काही लिहिले नाही. दुःखाविषयीचा परिच्छेद आम्ही खोडला. अर्धे पान उरले.

पाचवा दिवस

आदल्या दिवसाचा ताण हलका व्हावा म्हणून की काय, पाचवा दिवस चालण्याचा होता. शहराच्या वायव्येला चर्चिल महाविद्यालय आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञानासाठी उभारलेल्या या महाविद्यालयात चॅपल बांधायचे ठरले, तेव्हा फ्रान्सिस क्रिक यांनी १९६१ मध्ये आपले सदस्यत्व सोडले. चॅपल अनेकांना हवेसे वाटेल आणि ज्याला नको त्याने आत जाऊ नये, असे विन्स्टन चर्चिल यांनी त्यांना कळवले; त्यावर क्रिक यांनी दहा गिनींचा धनादेश पाठवला आणि त्याच न्यायाने महाविद्यालयात गणिकांची सोय करण्यासाठी हा निधी सुरू करावा असे सुचवले. शेवटी चॅपल झाले, पण महाविद्यालयाच्या पैशांतून नव्हे, आणि इमारतींपासून दूर, मैदानाच्या टोकाला. त्याचे नावही महाविद्यालयाचे चॅपल असे नसून महाविद्यालयातील चॅपल असे आहे. आत जॉन पायपर यांच्या रंगीत काचा आहेत. क्रिकचा फटकारा आम्हाला उद्देशूनच होता, तरी सगळे मनापासून हसले. आणि मला तर ही तडजोड फार शहाणपणाची वाटली. चालत जाण्याचे कष्ट घेणाऱ्यालाच सापडणारी प्रार्थनेची जागा काही वाईट नाही.

पुढे सेंट एडमंड्स महाविद्यालय. बेल्जियमचे विश्वशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र १९२३ मध्ये कॅथलिक धर्मगुरू झाले आणि लगेच वर्षभरासाठी केंब्रिजला आले. राहायचे इथे आणि शिकायचे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांच्याजवळ. एडिंग्टन क्वेकर होते. पहिल्या महायुद्धात शस्त्र धरायला त्यांनी नकार दिला, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात प्रिन्सिपे बेटावरून ताऱ्यांच्या प्रकाशाचे वाकणे मोजून त्यांनी जर्मनीत काम करणाऱ्या आइन्स्टाइनच्या सिद्धांताला ब्रिटिश दुर्बिणीचा आधार दिला. गुरू-शिष्य दोघेही देव मानणारे. पण विश्वाला आरंभ होता का, या प्रश्नावर त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना होती. १९३१ च्या मार्चमध्ये एडिंग्टन यांनी लिहिले की सध्याच्या विश्वव्यवस्थेला आरंभ असणे ही कल्पनाच मला तात्त्विकदृष्ट्या नकोशी वाटते. दोनच महिन्यांत लमेत्र यांनी ‘नेचर’मध्ये उत्तर दिले की पुंजसिद्धांताच्या दृष्टीने पाहिले तर असा आरंभ कल्पिता येतो. श्रद्धेने एकाला एकीकडे आणि दुसऱ्याला दुसरीकडे ढकलले, असे म्हणण्याला काही जागाच राहत नाही. दोघे गणित करत होते.

लमेत्र यांच्याबद्दल मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते २० वर्षांनंतरचे आहे. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना विश्वाच्या आरंभाचा नवा सिद्धांत जवळजवळ निर्मितीचा पुरावा म्हणून उचलून धरला. कोणत्याही धर्मगुरू-वैज्ञानिकाला यापेक्षा मोठा सन्मान तो कोणता? लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून पूर्णपणे वेगळा आहे, नास्तिकालाही तो तितकाच मोकळा आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. याच सिद्धांताला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ मध्ये बीबीसीवर देणारे फ्रेड हॉइल केंब्रिजचेच आणि निरीश्वरवादी. आरंभाच्या कल्पनेला धर्माचा वास येतो म्हणूनही ती त्यांना खटकत असे. हॉइलना वास येत होता आणि पोपना सुगंध. ज्याचे समीकरण होते तो मात्र म्हणत होता की इथे असले काही नाही.

संध्याकाळी असेन्शन पॅरिशच्या लहानशा दफनभूमीत एडिंग्टन यांच्या साध्या थडग्यापाशी थोडा वेळ थांबलो. झाडी दाट होती आणि डास बरेच होते. थोड्या अंतरावर तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन यांचे थडगे आहे. एडिंग्टन यांनी १९३५ मध्ये तरुण चंद्रशेखर यांच्या ताऱ्यांच्या वस्तुमानमर्यादेची भर सभेत टर उडवली होती, आणि चूक एडिंग्टन यांची होती, हे आमच्यातल्या एका खगोलशास्त्रज्ञाने तिथे मुद्दाम सांगितले. दफनभूमीत हे बोलावे का, असे क्षणभर वाटले. पण बोलले गेले ते बरे झाले. माणूस शांततावादी असतो, प्रार्थना करतो, ताऱ्यांच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो, आणि तरी एका तरुणाचे गणित त्याला ऐकू येत नाही.

रात्री समितीच्या हातात तीन वाक्ये होती. पहिल्यात आम्ही ख्रिस्तावर विश्वास ठेवतो असे होते, दुसऱ्यात उत्क्रांतीचा पुरावा आम्हाला पटतो असे होते, आणि तिसऱ्यात या दोहोंचा मेळ आम्ही निरनिराळ्या रीतीने घालतो असे होते. तिसरे वाक्य वाचून आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. निवेदन कशासाठी, हा प्रश्न त्या वाक्यातच उत्तर देऊन बसला होता.

सहावा दिवस

रविवारी सकाळी लहानशी उपासना झाली. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत म्हणावी असे ठरले. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असे मी हळू आवाजात सुरू केले, आणि चौदा-पंधरा भाषांच्या त्या गलबल्यात माझा मला आवाज ऐकू येईना. तरी सगळे जवळपास एकाच वेळी संपलो.

मग शेवटचे सत्र. समितीतर्फे मी तीन वाक्ये वाचून दाखवली आणि ती प्रसिद्ध करू नयेत अशी समितीचीच शिफारस असल्याचे सांगितले. वाद झाला. एका आनुवंशिकीच्या प्राध्यापकांनी रास्त मुद्दा काढला की मॅक्सवेल श्रीमंत आणि सुरक्षित होते, त्यांच्या चर्चमध्ये कोणी मुलांना निवड करायला लावत नव्हते. मौन पाळणे त्यांना परवडणारे होते. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. अखेर तोडगा काढला तो घानाच्या डॉक्टर बाईंनीच. त्यांनी निवेदनाची मागणी मागे घेतली आणि त्याऐवजी प्रत्येकाकडे एकेक पत्र मागितले: त्यांच्या विद्यार्थ्यांना उद्देशून, स्वतःच्या शब्दांत, फक्त स्वतःच्या सहीने, आणि जे अजून जमलेले नाही तेही न लपवता. वृद्ध भौतिकशास्त्रज्ञ मागच्या रांगेत बसले होते. ‘याला मॅक्सवेलची हरकत नसावी,’ एवढेच ते म्हणाले.

दुपारच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. तीन वाक्यांचा तो कागद पिशवीत होता; त्याची कोरी बाजू वर करून मी पत्र लिहायला घेतले. मराठीत लिहायचे आणि मग इंग्रजी करायचे असे ठरवले, कारण माझ्या विश्वासाची भाषा ती आहे आणि माझ्या प्रयोगशाळेची ही, हे त्या मुलांनाही कळायला हवे होते. हायड्रोजनच्या रेषांपासून सुरुवात केली, आपल्या खोडलेल्या वाक्याची गोष्ट सांगितली, आणि चार वर्षांच्या त्या मुलीपाशी येऊन थांबलो. तिच्याबद्दल लिहिलेली दोन वाक्ये खोडली. तिसरे, मला माहीत नाही एवढेच सांगणारे, राहू दिले. लंडन जवळ येऊ लागले तेव्हा खाली सही केली, आणि मग पुन्हा वर जाऊन, उजव्या कोपऱ्यात, आठवणीने तारीख घातली.